ऑक्टोबरात स्वेटर कोण विणतं, ताई?

पत्र

नमस्कार ताई,
शाळेतून निवृत्त झाल्यापासून दसरा-दिवाळीचे दिवस मनासारखे घालवायचे, असं मी दरवर्षी ठरवते. विणकाम, गच्चीवरची बाग आणि सणवार, एवढीच माझी हौस. घटस्थापनेला लोकर आणते, त्याच दिवशी रोपं आणते, फराळाची यादीही करून टाकते. दिवाळी येईतो स्वेटर अर्ध्यावर, रोपांनी माना टाकलेल्या, आणि मी घरभर सगळ्यांवर खेकसत असते. सून म्हणते, "आई, ऑनलाइन सहाशेला स्वेटर येतो, कशाला डोळे फोडता?" आमचे हे म्हणतात, "आधी माळा आवर." धाकटी बहीण टोरांटोला असते. तिचे फोटो येतात: लाल-केशरी झाडं, मांडीवर पांघरूण, हातात विणकाम. इकडे मी घामानं निथळत सुया धरते. तिनं अमेरिकेतल्या एका टोपीचा नमुना पाठवला होता. त्यात आठ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, मी आठ नंबरच्याच आणल्या, तरी टोपी नातवाच्या डोक्यात जाईना. माझंच काही चुकतंय, की आपल्या नागपुरात या दिवसांत हे सगळं जमतच नाही?
– लोकरवेडी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर

लोकरवेडी ताई,

आधी टोपीचा निकाल लावू, कारण तिच्यात तुमचा काडीचा दोष नाही. आपल्या बाजारातल्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांचं बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, आपली आठ नंबरची ४ मिलिमीटरची. तुम्ही प्रत्येक टाका पाचाऐवजी चाराच्या सुईवर घातलात, मग टोपी बाहुलीची होणारच. तुम्हाला हवी होती आपली सहा नंबरची. आपली दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची असते आणि त्यांची दहा नंबरची तब्बल सहाची, म्हणजे कधी दहाच्या सुयांचा नमुना आला असता तर अजून मोठा घोळ झाला असता. तेव्हा परदेशी नमुन्यात नंबराकडे बघूच नका, मिलिमीटर शोधा. आणि सुरुवातीला दहा सेंटिमीटरचा चौकोन विणून टाके मोजा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण लोकरीची जाडीही तिकडची आणि इकडची सारखी नसते, आणि ती जाडी फक्त त्या चौकोनातच कळते. टोपीचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमीच ठेवायचा, म्हणजे घट्ट बसते. झालेली टोपी उसवू नका. तुमच्या ओळखीत कोणाकडे ना कोणाकडे बाळ येणारच आहे.

आता फोटोंचं. बहिणीकडे ऑक्टोबरात रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो, घर आतून तापवावं लागतं, झाडं थंडीच्या तयारीला पानं गाळतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यांचं थँक्सगिव्हिंग, ३१ तारखेला हॅलोविन. तिथे लोकर मांडीवर घेणं ही ऋतूचीच गरज आहे. आपल्याकडे त्याच दिवसांत पाऊस नुकता गेलेला असतो, आभाळ धुतल्यासारखं निळं, दुपार तेहतिशीच्या आसपास, आणि कूलर अजून खिडकीतून निघालेला नसतो. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा सागाची नि पळसाची झाडं उघडी पडतात आणि पळस फुलतो. टोरांटोचा ऑक्टोबर त्रिमूर्तीनगरात मांडायचा तर अंगाला घामोळं येण्यापलीकडे काही साधणार नाही. बहिणीला तुम्हीही फोटो पाठवा की. सकाळी अंगणात पडलेल्या पारिजातकाच्या सड्याचा पाठवा. तो तिला तिकडे कुठे मिळणार?

म्हणजे जमत नाही असं मुळीच नाही. तिन्ही गोष्टी जमतात, पण एकाच दिवशी सुरू केल्या की तिन्ही बिघडतात, आणि तुमचं घोडं तिथेच अडलंय. घटस्थापनेला लोकर, रोपं, फराळ हे सगळं एका पिशवीत आणणाऱ्या बाईची दिवाळीपर्यंत चिडचिड होणार नाही तर काय होईल? आपल्या हवेनंच यांचा क्रम लावून दिलेला आहे. आधी माती, मग सुया. सण मधे मधे येत राहतात, त्यातले काही आपले म्हणून धरायचे, बाकीच्यांना हात जोडून पुढे जाऊ द्यायचं.

बागेपासून धरा. घटात आपण तसंही धान्य पेरतोच. त्याच दिवशी गच्चीवरच्या एका पसरट कुंडीत मेथी टाका, बाकी काही नको. तीन-चार दिवसांत वर येते, महिन्याभरात खुडायला होते. घट बसल्यापासून लक्ष्मीपूजन साधारण महिन्यावर असतं, म्हणजे फराळाच्या गोडाधोडाला कंटाळलेल्या घराला ताजी मेथीची भाजी मिळते. सांबाराची घाई करू नका. बाहेरचे वाचक कोथिंबीर म्हणतील, आपण सांबारच म्हणू. त्याला ऑक्टोबरचं ऊन सोसत नाही. उन्हात उगवलं तर पाला धरण्याआधीच फुलावर जातं. कोजागिरीच्या सुमारास धणे लाटण्यानं हलके रगडून दोन दळं करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात 'वाया गेलं' म्हणून कुंडी उकरू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला हाताशी येतं, आणि डिसेंबरात सांबारवडी नाही तर नागपुरात राहून काय उपयोग! पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल ज्यांच्याकडे आधीच चढलेला आहे त्यांनी मिरवावं. आता लावायला उशीर झाला, त्या शेंगा बर्डीच्या बाजारातून आणा.

रोपं माना का टाकतात, तेही सांगते. नर्सरीत ती हिरव्या जाळीखाली, सावलीत वाढलेली असतात. तुम्ही भर दुपारी रिक्षातून आणता आणि तापलेल्या गच्चीवर ठेवता. चार-पाच दिवस सावलीत ठेवा, रोज थोडं थोडं ऊन दाखवा, आणि मोठ्या कुंडीत लावायचं ते संध्याकाळी. मातीचंही बघा. आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र वैताग. ओली असली की चिखलासारखी चिकटते, मुळांना हवा मिळत नाही, वाळली की भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली निघून जातं. नुसती कधीच भरू नका. तिच्या बरोबरीनं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा नारळाचा भुसा मिसळा. कुंड्यांखालच्या थाळ्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून, थाळी घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण आठवडाभरात तयार होतो, आणि पाऊस सरल्यावरचे हे दिवस त्याचेच असतात. हे काम तुमच्या यजमानांकडे द्या. रविवारी सकाळी, चहाआधी. माळा आवरण्याची ज्यांना एवढी कळकळ, त्यांना थाळ्या जड जायच्या नाहीत.

झेंडूचा हट्ट सोडा. दसऱ्याला आपल्या कुंडीतला झेंडू हवा असेल तर बी जुलैत पडायला हवं. ऑक्टोबरात लावलेलं रोप डिसेंबरात फुलेल, तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. दसऱ्याची फुलं बर्डीच्या नेताजी मार्केटातून भल्या पहाटे आणा, तेवढीच चक्कर होते. गुलाबाची छाटणी मात्र याच महिन्यात. पाऊस पूर्ण थांबला की वाळक्या, रोगट फांद्या मुळाशी काढा. उरलेल्या फांद्यांवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघा आणि त्याच्या थोडं वर, तिरका काप घ्या. साधारण दीड महिन्यात फुलं धरतात.

शेवंतीवर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण तुमच्यासारख्या गच्चीवाल्या बायकांची पहिली तक्रार तिचीच असते: "झाड हिरवंगार, कळी नाही." शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी लागते, आणि अंधारी लागते. दिवस लहान होत जातात तसा तिला संकेत मिळतो. तुमच्या गच्चीवर रात्रभर जळणारा बल्ब असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर झाडाला वाटतं अजून दिवस मोठेच आहेत, आणि ते पानंच वाढवत बसतं. खत घालून, औषध मारून काही होत नाही, कुंडी तेवढी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा. शेंडे खुडायचे दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीला संपले. आता खुडलंत तर कळीच खुडली जाईल. मोठं फूल हवं असेल तर एका फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या काढा, गुच्छ हवा असेल तर हात लावू नका. मला स्वतःला गुच्छच आवडतो. एका काडीवर एकच ढब्बू फूल प्रदर्शनात शोभतं. शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. सकाळच्या उन्हात फवारलंत तर पानं करपतील.

आता विणकाम. लोकरीला कोजागिरीपर्यंत हात लावायचा नाही, हा माझा हुकूम समजा. घाम आलेल्या हाताला लोकर चिकटते, पांढरी असेल तर मळकट होते, धातूच्या सुया सरकत नाहीत. तोवर हात थांबत नसतील तर सुती दोरा घ्या. आपण कापसाच्या मुलखातली माणसं. ऑक्टोबर लागला की वेचणीची लगबग सुरू होते, वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा होते, देशाची कापूस संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, आणि आपण घामाघूम होऊन अ‍ॅक्रिलिक विणत बसायचं? सुती दोऱ्यात क्रोशाचं तोरण करा, देवघरातलं आसन करा, भांडी पुसायचा चौकोन करा. दिवाळीच्या दारावर हातचं तोरण लागलं की ते सहाशेला येतं का, असं विचारायला कोणी धजत नाही. एवढं लक्षात ठेवा: सुताला लोकरीसारखा ताण नसतो. काठ सैल पडतो आणि धुतल्यावर आणखी सैलावतो, म्हणून काठाला एक नंबर बारीक सुई घ्या. आपल्या नंबरात बारीक म्हणजे मोठा आकडा, हे आता तुम्हाला सांगायला नको. बांबूच्या सुया मिळाल्या तर त्याच घ्या, ओल्या हातातही बऱ्या चालतात.

कोजागिरीनंतर पहाटे गारवा जाणवू लागला की लोकर काढा. लोकर घेताना सगळे गुंडे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर एकच आहे का बघा. पंधरा दिवसांनी 'तोच रंग' म्हणून आणलेला गुंडा दुकानातल्या दिव्याखाली तोच दिसतो, घरी उन्हात पाठीवर पट्टा उमटतो. आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर घेऊन बसू नका. आपली खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतची. ती असते तेव्हा कडक असते, २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण त्या दिवसांतही अकरा वाजले की ऊन चढतं आणि पोट्टे स्वेटर कमरेला बांधून फिरतात. बाह्या विणायला सगळ्यात कंटाळवाण्या आणि इथे वापरायला सगळ्यात कमी. बिनबाह्यांचा स्वेटर, कानटोपी, मफलर एवढं पुरे. शाळेच्या सकाळच्या बसला उभं राहणाऱ्या पोरासाठी कानटोपीइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. अगदी तान्ह्या बाळासाठी विणाल तर केसाळ लोकर नको, तोंडात जाते, आणि गळ्याशी लांब गोंडे-दोऱ्या नकोत.

सुनेचं. तुम्हाला रुचायचं नाही, पण तिचं अर्धं खरं आहे. हिवाळ्यात तिबेटी मंडळी स्वेटरांची दुकानं मांडतात, ऑनलाइनही ढीग पडलेला असतो, आणि तिला स्वेटर हवाय असं तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. न मागता विणलेल्या वस्तूबरोबर आपण एक हिशोबही देतो: मी इतके दिवस खपले, तू आता घालून दाखव. घेणाऱ्याला तो हिशोब टोचतो, मग तो डोळ्यांचं कारण काढतो. तिला विचारा, "तुला काही हवंय का? रंग कुठला?" हवं म्हणाली तर लोकर घ्यायला तिलाच सोबत न्या. नको म्हणाली तर रागावू नका, राग आलाच तर सुईवर काढा. स्वतःसाठी विणा. तुम्ही आयुष्यभर वर्गाला विणकाम शिकवलं असेल किंवा नसेल, स्वतःसाठी मफलर विणलाय का कधी? की दरवर्षी मुलाचा, नातवाचा, ह्यांचाच? सोसायटीचा रात्रपाळीचा चौकीदारही आहे, त्याची टोपी दुसऱ्या दिवशीच डोक्यावर दिसेल.

डोळ्यांबद्दल मात्र ती बोलली ते हसण्यावारी नेऊ नका. गडद निळी, काळी लोकर रात्री विणू नका, ती सकाळच्या उजेडासाठी ठेवा. रात्री फिकट रंग घ्या.

राहिले सण. फराळाची यादी घटस्थापनेला करणं बंद करा. यादी लवकर केली की पदार्थ वाढत जातात. चकली आणि अनारसे हे दोन जिवावर येणारे पदार्थ बचत गटाच्या बायकांकडून घ्या, त्यांचा हात रोजचा बसलेला असतो. तुम्हाला स्वतःला करायला आवडतं ते एक-दोन घरी करा. करंज्या भरायला सगळ्यांना बसवा, मुलालाही. "एवढ्यातच झालं?" असं कोणीतरी म्हणेल, म्हणू द्या.

दसऱ्याचा दिवस तुमच्या भागात वेगळाच असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ती तुमच्या घरापासून फार लांब नाही. दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात, आजूबाजूचे रस्ते बंद असतात, म्हणून नातेवाइकांकडे सोनं द्यायला गाडी काढून कुरकुरत बसण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा चालत जा. एकेका स्टॉलवर जितकी पुस्तकं दिसतात तितकी एरवी वर्षभरात नजरेला पडत नाहीत, आणि विकत घ्यायला दूरदूरच्या खेड्यांतून माणसं आलेली असतात. मास्तरीणबाईंना त्याहून चांगली संध्याकाळ मिळायची नाही. सोनं दुसऱ्या दिवशी दिलं तरी चालतं.

कोजागिरी मात्र तुमची करा. तुम्ही लहानपणी भुलाबाई खेळला असालच. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत महिनाभर जमत नसेल तर शेवटचा एक दिवस ठेवा. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, आत भुलोजी-भुलाबाई, कॉलनीतल्या सात-आठ पोट्ट्या, आणि डबा हलवून खिरापत ओळखायला लावायची. आजकालच्या मुलींना गाणी येत नाहीत म्हणून मोठ्या हळहळतात, पण शिकवायला कोणी बसत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तासाभरात चार गाणी बसवाल. मग गच्चीवर मसाला दूध, मोठ्या लेकराला आश्विनीचं ओवाळणं, संपलं. तुमच्या त्या दिवसाला स्वयंपाक नाही, आवराआवर नाही, आणि शेवंतीला हवा तसा अंधारही गच्चीवर राहतो, चांदणं तेवढं चालतं.

दिवाळी संपली, पाहुणे गेले, की खरी सुट्टी सुरू होते, आणि नेमकी तीच तुम्ही माळ्यावरच्या पेट्या लावण्यात घालवत असणार. त्याऐवजी कार्तिकी पौर्णिमेला रामटेकला जा. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, संध्याकाळी गडावर त्रिपूर पेटतो, आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा असते. गर्दी खूप होते, म्हणून दुपारीच निघा, गाडी खाली ठेवा आणि पायऱ्या चढायला गुडघे नाही म्हणत असतील तर गडाखाली अंबाळा तलावाच्या काठी बसा. तोवर रात्री गारठायला लागलेलं असतं. मफलर तयार असेल तर घाला, अर्धा असेल तर पिशवीत टाका, वाटेत गाडीत दहा-वीस ओळी होतात. गाडी यजमानांनाच चालवू द्या.